महिन्याला एक पेर

मुळशीत नोकरी केली म्हटलं की चार लोकांत कुणीतरी म्हणतंच, "बाई, दवाखान्यातल्या गमती सांगा ना!" गमती! मी तिथे नर्स होते, सर्कशीत नव्हते. पण रागाचं एक बरं असतं, तो काही विसरू देत नाही. चांगल्या गोष्टींची मला माणसंसुद्धा आठवत नाहीत, आणि राग आलेल्या गोष्टींचे वारसुद्धा पाठ आहेत. एक सांगायला घेतली की दुसरी तिचा पदर धरून येते. तेव्हा ऐका. हसू आलं तर हसा, पण मी हसत सांगत नाहीये, एवढं ध्यानात ठेवा.

स्वातंत्र्याला दहा-बारा वर्षं झाली होती. पौडच्या रस्त्याला लागून दोन खोल्या आणि एक ओसरी, एवढाच आमचा दवाखाना. त्यात डॉक्टर सबनीस आणि मी. डॉक्टर लढाईच्या काळात फौजेच्या इस्पितळात होते. तिथे गोळ्या लागलेले हात-पाय पाहून पाहून त्यांना नसांचं वेड लागलं होतं. ताप-खोकल्याच्या माणसाशी ते दोन शब्द बोलत. हात लुळा पडलेला कुणी आला, की खुर्ची ओढून समोर बसत. जीभ तिखट, आणि माझीही काही गोड नव्हती. आमच्या दवाखान्यात गोड असं फक्त खोकल्याचं औषध होतं.

* * *

कार्तिक संपत आला होता. एक बैलगाडी ओसरीला लागली. पुढे मारुती नावाचा मुठा खोऱ्यातला एक शेतकरी, मागे त्याची बायको तुळसा, असेल वीस-बावीसची. डाव्या हातात उजवा हात धरून बसली होती, जसा काही तो दुसऱ्याचा हात सांभाळायला दिलाय. भाताचे भारे भरताना गाडी मागे सरली आणि तिचा दंड चाक आणि बांधाच्या दगडामध्ये चेंगरला. हाड शाबूत होतं. पण मनगट खाली लोंबत होतं, ते काही केल्या वर उचलेना. अंगठ्याच्या मागे डॉक्टरांनी टाचणी टोचली, तर तिला कळलंही नाही.

मारुतीचा पहिला प्रश्न काय असावा? "लावनीपतूर हलंल का?"

मी म्हटलं, अहो, दुखतंय का ते तरी विचारा तिला. तर म्हणाला, त्ये दिसतंयच की. मग त्यानं आईचा निरोप सांगितला. तुळसाला तिच्या आईकडे, वरच्या वाडीवर सोडायचं. हात बरा झाला तर आषाढातल्या भातलावणीच्या आधी न्यायला येणार. नाही झाला तर?

"मंग बगू," असं म्हणून त्यानं गाडी वळवली. बायकोला ओसरीवर ठेवून! पाटी विसरावी तशी नाही, चांगली ठरवून. तुळसाचं सासर त्या दिवसापासून त्या एका मनगटाला टांगलेलं राहिलं.

डॉक्टर तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले. म्हणाले, नस म्हणजे एका नळीत असलेला धागा. तुझी नळी तुटलेली नाही, पण आतला धागा चेंगरलाय. चेंगरल्या जागेच्या खालचा सगळा धागा आता सडणार. मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे येणार, तो सडका धागा खाऊन टाकणार, नळी साफ करणार. साफ झाली की वरून नवा धागा उतरायला लागतो. "महिन्याला एक पेर," ते म्हणाले, आणि तिच्या कोपराच्या खाली बोट ठेवून सांगितलं, की इथवर आला की मनगट उचलेल.

तुळसानं डाव्या हाताच्या बोटाची पेरं दंडापासून एकाखाली एक ठेवत मोजली. सहा भरली. मग मनातल्या मनात महिने मोजले आणि त्या दिवसात पहिल्यांदा तिनं मान वर केली. "लावनीच्या आदी हुतंय," म्हणाली.

* * *

लोंबतं मनगट तसंच ठेवलं तर आखडतं. त्याला खालून आधार द्यायला पट्टी लागते. ती आमच्याकडे नव्हती. वरच्या ऑफिसला लिहिलं. उत्तर आलं, मागणी तीन प्रतींत करा. केली. महिन्यानं खोकं आलं. आत बारा पट्ट्या, सगळ्या पायाच्या, आणि त्याही डाव्या! सोबत चिठ्ठी, की उपलब्ध साहित्याचा योग्य तो वापर करावा.

मी ते खोकं उचलून रस्त्यावर टाकणार होते. डॉक्टरांनी अडवलं. म्हणाले, राहू द्या, जिल्ह्यात बारा डावे पाय कधीतरी मोडतील.

तुळसाची आई ठमाबाई ओसरीवर बसून हे बघत होती. बारीक, काटक बाई, वाडीवर टोपल्या विणायची. तिनं लेकीचा हात पाहिला, डॉक्टरांना कसा धरायचा ते विचारलं, आणि पुढच्या मंगळवारी, बाजारच्या दिवशी, बांबूच्या पातळ कामट्यांची पट्टी विणून घेऊन आली. आतून जुन्या लुगड्याचं मऊ अस्तर. मनगट तीत असं बसलं, की डॉक्टर तीनदा काढून तीनदा घालून बघत राहिले. म्हणाले, बाई, अशा आणखी पाच कराल का?

ठमाबाई त्यांच्याकडे बघत राहिली. "आजून कुनाकुनाच्या लेकी टाकल्यात?" तिनं विचारलं.  

* * *

माघात पुण्याहून साहेब तपासणीला आले. पांढरी पॅन्ट, बरोबर एक कारकून. जीपमधून उतरल्यावर आधी रुमालानं खुर्ची झटकली. मग रजिस्टर उघडून तुळसाच्या नावापाशी थांबले. 'उपचार' या रकान्यात डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'पट्टी, व्यायाम व वाट पाहणे.'

साहेब म्हणाले, वाट पाहणे हा उपचार नव्हे. डॉक्टर म्हणाले, या दुखण्यात दुसरा नाही. साहेबांनी तांबड्या शाईनं ती ओळ खोडली आणि बजावलं, की रकान्यात औषधाचं नाव हवं. बाहेर ओसरीवर चाळीस माणसं बसली होती. त्यांतल्या एकाकडेही साहेबांनी पाहिलं नाही.

डॉक्टर रागावले की आवाज चढत नसे, अक्षर चढायचं. त्यांनी दौतीत टाक बुडवला आणि खोडलेल्या ओळीच्या वर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'पांढऱ्या पेशी.' साहेबांनी ते वाचलं, समाधानानं मान हलवली, सही केली आणि चहा घेऊन गेले.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. 'पांढऱ्या पेशी हे औषध मंजूर यादीत नाही. शिल्लक साठा सीलबंद करून त्वरित परत पाठवावा.'

* * *

नवा धागा कुठवर आला, हे कळायची एक युक्ती असते. दंडावरून बोटानं हळूहळू टिचक्या मारत खाली यायचं. धाग्याचं टोक जिथे असेल, तिथे टिचकी बसली की हातात मुंग्या धावतात. साहेब यायच्या आधीच, मार्गशीर्षात, पहिल्यांदा तुळसा दचकली आणि म्हणाली, "बाई, मुंग्या!" मी त्या जागी जखमेला लावायच्या जांभळ्या औषधाचा ठिपका दिला. पुढच्या महिन्यात मुंग्या एक पेर खाली. पुन्हा ठिपका. धुतला जायचा म्हणून मी दर मंगळवारी जुने ठिपकेही गिरवायची. डॉक्टर मोजपट्टी लावून अंतर मोजायचे आणि दिवसभर कुणाला टोचून बोलायचे नाहीत.

फाल्गुनात मारुती बाजाराला आला, तेव्हा ओसरीवर डोकावला. आम्हाला वाटलं, बायकोला बघायला. त्यानं ठिपके पाहिले, मनगट पाहिलं. अजून लोंबतच होतं. मी त्याला सांगायला गेले, की चार महिन्यांत किती पुढे आलंय बघा.

तो म्हणाला, "बैल आसता तर आमी इतके दिस ठिवला नसता."

तुळसा तिथेच, दोन हातांच्या अंतरावर बसली होती. मी त्याला काय काय बोलले ते इथे सांगत नाही, घरात लहान मुलं आहेत. तो शांतपणे ऐकून घेऊन मिरच्या घ्यायला गेला. तुळसा मात्र माझ्यावरच रुसली. नवऱ्याला चार लोकांत बोललात, म्हणाली. पुढचे दोन मंगळवार ती माझ्याशी धड बोलली नाही.

त्या दिवशी तो गेल्यावर तिनं डॉक्टरांना विचारलं, की आत ते साफ कसं होतं? तिला दिसत नव्हतं ना. डॉक्टर आधीच चिडलेले. समोरच्या वावरात कुणी राब भाजत होतं, ते खिडकीतून दिसत होतं. भाताचं रोप टाकायच्या तुकड्यावर शेण, पाला, फांद्या पसरून उन्हाळ्यात जाळतात, त्यानं तण मरतं आणि पावसात रोप जोमानं येतं. मुळशीत हे पोरासोरांनाही माहीत. डॉक्टरांनी तिकडे बोट केलं. म्हणाले, तसं. आधी जुनं जळून मोकळं होतं, मग नवं येतं.

तुळसाला एकदम पटलं. मलाही उदाहरण फार आवडलं. मी ते नंतर दोघा-तिघांना सांगितलंसुद्धा.

* * *

चैत्रातला दुसरा मंगळवार. तुळसा आली ती पदर दंडावर लपेटून. मी म्हटलं, बघू. ती बघू देईना. मी पदर ओढला.

पाच ठिपके दिले होते मी. पाचांच्या जागी पाच डाग! तापल्या विळ्याच्या टोकानं दिलेले, नेमके माझ्या जांभळ्या ठिपक्यांवर, एकही इकडचा तिकडे नाही. दोन पिकले होते. हात कोपरापर्यंत सुजला होता.

 मी ओरडले, हे कुणी केलं? मला वाटलं सासूनं, नाहीतर कुणा भगतानं. दारात ठमाबाई उभी होती. ती म्हणाली, मी.

मी त्या बाईला असं काही बोलले, की आजही आठवलं तर माझाच मला राग येतो. अडाणी म्हटलं. लेकीची वैरीण म्हटलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "डाक्तरच म्हनलं न्हवं का, राब भाजल्याबिगर रोप येत न्हाई म्हनून? लावनी जवळ आली. आन् कुटं भाजायचं त्याची खून तर तुमीच केली हुती."

मी जी बोलत होते, ती तिथेच थांबले. तिला वाटलं होतं, पांढऱ्या पेशींना जरा हातभार लावावा. लेकीच्या तोंडात बोळा घालून, स्वतः रडत रडत तिनं पाच डाग दिले होते. आईशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातानं नको, म्हणून.

डॉक्टर आतून आले. मला वाटलं, आता हे तिला फाडून खाणार. ते हातासमोर बसले, डाग निरखले, हळूच टिचकी मारली. सर्वांत खालच्या डागाच्या खाली तुळसा दचकली. मुंग्या होत्या. नस वाचली होती, चामडीच जळली होती. डॉक्टरांनी स्वतः जखमा धुतल्या, माझ्या हातातून कापूस काढून घेऊन. पट्टी बांधून झाल्यावर ते ठमाबाईला म्हणाले, "चूक तुमची नाही. माझी आहे." आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मी एकटीच उरले, आणि रागवायला समोर कुणी नाही. असा राग फार वाईट. तो अजून कुठे ठेवावा ते मला कळलेलं नाही.

* * *

त्यानंतर डॉक्टरांनी उदाहरण देणं सोडलं. अगदी सोडलं! एक गुरुजी ताप घेऊन आले, त्यांना सगळं समजून घ्यायची हौस. ताप म्हणजे नेमकं कसं हो डॉक्टर, भट्टी पेटल्यासारखं का?

"ताप ताप आहे," डॉक्टर म्हणाले. "कशाहीसारखा नाही. गोळी घ्या आणि काही पेटवू नका."

गुरुजी दुखावले. त्यांनी वर तक्रार केली, की डॉक्टर उर्मटपणे वागतात. चौकशी लागली. चौकशीला तेच पांढऱ्या पॅन्टवाले साहेब! गुरुजींच्या तक्रारीला दीड तास दिला. तुळसाच्या हाताबद्दल एक शब्द विचारला नाही. मी मुद्दाम चहात साखर घातली नाही. तेवढंच माझ्या हातात होतं.

* * *

डाग भरून आले. वैशाख गेला. ज्येष्ठात वाडीवर बातमी आली, की मारुतीच्या आईनं एक मुलगी पाहून ठेवलीय. दुसऱ्या बायकोला कायद्यानं बंदी आली होती हो, पण कायदा पुण्यात, आणि सासू मुठा खोऱ्यात. मी पोलीस पाटलाकडे जायला निघाले, तर ठमाबाईनं पाय धरले. म्हणाली, हात उचलला की सगळं मिटंल.

आणि हात उचलला! एका मंगळवारी ओसरीवर कुणी नव्हतं. तुळसा आत आली, पट्टी सोडली, हात टेबलावर पालथा ठेवला. मनगट थरथरलं. मग सावकाश, अर्धं पेर, एक पेर, वर आलं. मी रजिस्टर ओढलं. तुळसानं डाव्या हातानं ते मिटलं. म्हणाली, बाई, एवढ्यात लिहू नका, कुणाला सांगूही नका. मला वाटलं, नजर लागेल म्हणून. मी चिडले. सात महिने ज्याची वाट बघितली, ते लिहायचं नाही? डॉक्टर म्हणाले, तिचा हात आहे, ती सांगेल तेव्हा लिहू. त्यांनी तिला व्यायाम दिला. ती यायची, दार लावून करायची, पट्टी बांधून जायची.

आषाढ लागला. लावणी चार दिवसांवर. मारुतीची गाडी ओसरीला लागली. या वेळी सासूही होती. तुळसा बाकावर बसलेली, बाजूला ठमाबाई. मारुती म्हणाला, झाला आसंल बरा तर चल, रोप तयार हाय.

तुळसानं पट्टी सोडली आणि हात पुढे केला. मनगट लोंबलं. पहिल्या दिवशी लोंबत होतं तस्संच!

माझं तोंड उघडलं होतं. डॉक्टरांनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला.

सासूचा विश्वास बसेना. ती पुढे आली आणि अंगठ्याच्या मागे चिमटा घेतला. साधा नाही, पिरगाळून. कातडी पांढरी पडली, मग काळीनिळी. तुळसा खिडकीबाहेर बघत होती. पापणीसुद्धा लवली नाही. तिथली जाणीव परत येऊन तीन आठवडे झाले होते, मी स्वतः टाचणी लावून पाहिलं होतं!

सासू डॉक्टरांकडे वळली. तिनं विचारलं, कवा व्हईल? डॉक्टरांनी रजिस्टर उघडून तिच्यासमोर धरलं. तिला वाचता येत नव्हतं, मारुतीला येत होतं. डॉक्टर म्हणाले, यात सुधारणेची नोंद नाही. ते आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते, आणि त्या दिवशीही बोलले नाहीत.

"मंग आमी मोकळं," सासू म्हणाली. तिनं तुळसाचा तोच हात धरला आणि मनगटातला चांदीचा गोठ ओढून काढायला लागली. लग्नात त्यांनी घातला होता. लुळ्या हाताला कशाला, म्हणाली. गोठ अडकला. तिनं जोर लावला, हाडावरची कातडी खरवडली. हात मेल्यासारखा तिच्या मुठीत पडून राहिला. ठमाबाई उठली, तिला तुळसानं डाव्या हातानं खाली बसवलं. गोठ निघाला. मारुती दारात उभा राहून पायातलं गवत झाडत होता. दोघं गाडीत बसली.

गाडी हलल्याचा आवाज आला. माझ्या अंगाची आग झाली होती.  डॉक्टर म्हणाले, तुळसा, हात.

तिनं हात टेबलाच्या वर धरला. मनगट सरळ वर आलं. बोटं एकेक करून उघडली.

"बाई, लिहा," डॉक्टर म्हणाले. "मनगट, पूर्ण. बोटं, तीन पूर्ण, दोन अर्धी. तारीख आजची."

"आजची नगं," तुळसा म्हणाली. "उद्याची घाला. गाडी आजून वढ्यापल्याड गेली न्हाई."